तिसऱ्या रकान्यातला चेहरा

कागद कारखान्याच्या वसाहतीत सकाळच्या पाळीला जाणारी माणसं दोन ठिकाणी थांबत. एक चहाच्या टपरीवर आणि दुसरं मराठी मंडळाच्या वाचनालयासमोर. वाचनालयाच्या भिंतीवर मोठा काळा फळा होता. पांढऱ्या रेघा ओढून त्याचे चार रकाने पाडलेले होते: तंत्रज्ञान, विज्ञान, छायाचित्र आणि राजकारण. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातला हा कारखाना वर्तमानपत्रांचा कागद बनवतो. लोकांच्या बातम्यांसाठी आपण कागद पुरवतो, मग आपल्या वसाहतीला स्वतःच्या बातम्यांची एक जागा असावी, असं महाराष्ट्रातून येऊन इथे रुजलेल्या पहिल्या पिढीला वाटलं. तेव्हापासून फळा रोज लिहिला जात होता. मोबाइल आले तरी तो बंद पडला नाही. आता त्याचा फोटो निघे आणि मंडळाच्या ग्रुपवर जाई, एवढाच फरक.

फळा लिहायचं काम निरंजनकडे होतं. तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. तयार कागदाच्या प्रत्येक रिळातून एक पट्टी कापायची, ती यंत्रात ताणून किती जोराने फाटते ते बघायचं, पांढरेपणा मोजायचा, आणि मगच रीळ पुढे सोडायचं, हे त्याचं रोजचं काम. मोठ्या साहेबांनी फोन करून घाई केली तरी निरंजन तपासल्याशिवाय सही करत नसे. त्याचा त्याला अभिमान होता.

मे महिन्यातली गोष्ट. वॉर्डाच्या पार्षदपदाची, म्हणजे नगरसेवकाची, पोटनिवडणूक लागली होती. उमेदवार सुकलालभाऊ यांचा एक मोठा फ्लेक्स योगेशच्या दुकानासमोरच्या खांबांना बांधला होता. योगेशचं किराणा आणि झेरॉक्सचं दुकान, आणि तो सुकलालभाऊंचा खंदा माणूस. एका संध्याकाळी जोराची वावटळ आली. शाहपूर आणि फोपनारकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या, वसाहतीत धुळीने दहा पावलांवरचं दिसेना. निरंजन तेव्हा दुपारच्या पाळीत कारखान्यात होता. वारा थांबल्यावर लोकांनी पाहिलं, फ्लेक्स गायब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजनची बायको अश्विनी मुलगी कोमलला घेऊन पहिल्या बसने माहेरी, तुकईथडला गेली. भावाच्या मुलीचं लग्न होतं. निघताना तिने एवढंच बजावलं, "अंगणात बाजेवर सांडगे घातलेत. संध्याकाळी सुपात भरून आत घ्यायचे, सकाळी परत पसरायचे. विसरू नका हं, नाहीतर पावसाळाभर नुसती आमटी खावी लागेल."

"विसरत नाही," निरंजन म्हणाला आणि खडू घेऊन वाचनालयाकडे गेला.

त्या दिवशी पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं: 'धूसर फोटो क्षणात स्पष्ट करणारं मोफत ॲप आलं आहे. जुने, पुसट चेहरेही ओळखू येतात.' ही बातमी त्याला एका दुसऱ्या ग्रुपवरून मिळाली होती. दुसऱ्या रकान्यात: 'या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस. भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येईल.' चौथ्यात: 'सुकलालभाऊंचा फ्लेक्स कोणीतरी काढून नेला. कार्यकर्त्यांत नाराजी.' तिसरा रकाना रिकामा होता. तिथे रोज एक फोटो चिकटवायचा असे, आणि आज त्याच्याकडे फोटो नव्हता.

थोड्याच वेळात योगेश धावत आला. त्याच्या हातात ताजा छापलेला कागद होता.

"निरंजनभाऊ, तुमचं ॲप तर कमाल निघालं यार. देखो. दुकानाच्या कॅमेऱ्यात काल एक बाई फ्लेक्स ओढताना दिसून राहिली होती. पण धूळ इतकी, की नुसता धब्बा. तुमची बातमी वाचली, ॲप टाकलं, एक बटण दाबलं. और देखो."

कागदावर एका बाईचा चेहरा होता. स्पष्ट, नीटनेटका, उजेडात काढावा तसा. रुंद कपाळ, सरळ नाक, मिटलेले ओठ.

चहाचे ग्लास हातात घेऊन लोक जमले.

"ही तर अंगणवाडीची रंजिता दिसते," एकजण म्हणाला.

"दिसते काय, तीच आहे. नाक बघा ना."

"पण ती कशाला फ्लेक्स काढंल?"

"अरे, मागल्या महिन्यात सुकलालभाऊंनी अंगणवाडीच्या नळावरून तिला चार लोकांत सुनावलं होतं. विसरले का?"

निरंजनने फोटो पाहिला. त्यालाही ती रंजिताच वाटली. एकदा वाटल्यावर दुसरं काही वाटेना. सात वाजायला आले होते, रकाना रिकामा होता आणि लोक वाट पाहत होते. त्याने कागद चिकटवला. खाली लिहिलं: 'काल संध्याकाळी फ्लेक्स उतरवताना. अंगणवाडीच्या ताई?'

प्रश्नचिन्ह टाकल्यावर त्याला बरं वाटलं. आपण काही म्हटलेलं नाही, फक्त विचारलं आहे.

पुढे जे झालं ते आपल्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. फळ्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. तिथून तो वॉर्डाच्या ग्रुपवर गेला आणि वाटेत प्रश्नचिन्ह गळून पडलं. सुकलालभाऊंच्या बाजूच्या घरांतल्या आयांनी मुलांना अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. "जी बाई राजकारण करते ती पोरांना काय शिकवंल?" असं नळावर बोललं जाऊ लागलं. अंगणवाडी कार्यकर्तीने निवडणुकीच्या भानगडीत पडायचं नसतं. सुपरवायझर मॅडमचा फोन आला: सोमवारी येऊन खुलासा द्या, नाहीतर नाव वर पाठवावं लागेल. नाव वर गेलं की काम जातं, हे रंजिताला माहीत होतं. नवरा गेल्यावर हे कामच तिचं घर चालवत होतं.

ती वाचनालयात आली तेव्हा निरंजन वर्तमानपत्रं लावत होता.

"निरंजनभाऊ, ती मी नाही."

निरंजनने मान वर केली नाही. "मी कुठे तुमचं नाव लिहिलं, ताई?"

"नाव नाही लिहिलं. म्हणून तर जबाब कोणाला देऊ ते कळत नाही." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्या वेळी दारं-खिडक्या लावून मी घरात बसले होते. एकटी. आता साक्ष कोणाची आणू? वाऱ्याची?"

"फोटो योगेशने आणला. त्याला विचारा."

"विचारलं. तो म्हणतो, मी तर फक्त कॅमेऱ्यात होतं ते काढून दिलं, छापलं भाऊंनी. सुकलालभाऊ म्हणतात, मी तर कोणावर आळ घेतलाच नाही. आयांना विचारलं तर म्हणतात, आम्ही काही म्हणत नाही बाई, पोराला ताप आहे." तिने समोरचं विस्कटलेलं वर्तमानपत्र सरळ केलं. "सगळ्यांचं बरोबर आहे. कोणीच काही म्हटलेलं नाही."

ती गेली. फोटो काढून टाकावा, असं निरंजनच्या मनात आलं. पण काढला तर लोक म्हणतील, निरंजनने माघार घेतली. फळ्यावरची बातमी त्याने आजवर कधी मागे घेतली नव्हती. म्हणून बाकीचे रकाने रोज बदलले तरी तिसऱ्यातला तो फोटो तसाच राहिला. त्याने वर्तमानपत्रं लावणं पुरं केलं आणि घरी जाऊन सांडगे सुपात भरले.

शून्य सावलीच्या दिवशी दुपारी तो अंगणवाडीच्या आवारात गेला. दरवर्षी या दिवशी मालतीबाई तिथे मुलांना जमवत. मालतीबाई म्हणजे वसाहतीच्या शाळेतल्या निवृत्त विज्ञान शिक्षिका. निरंजन त्यांचा विद्यार्थी, योगेशही, रंजिताही. निरंजनच्या आधी फळा त्याच लिहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या काळा चष्मा घालत आणि "आता मला सगळं दिसतं, म्हणून झाकून ठेवते" असं म्हणत.

उन्हात फरशीवर पावडरीचा एक उभा डबा ठेवला होता. त्याच्याभोवती फक्त चार मुलं होती. मागच्या वर्षी आवार भरलं होतं. रंजिता दारात उभी होती, निरंजनला पाहून आत गेली.

"फोटो काढायला आलास ना?" मालतीबाई म्हणाल्या. "थांब. सावली अजून बोटभर आहे."

डब्याची सावली आखडत गेली, बारीक रेघ झाली आणि नाहीशी झाली. डबा जमिनीवर नुसता ठेवल्यासारखा, उपरा दिसू लागला.

"कुठे गेली रे सावली?" बाईंनी एका मुलाला विचारलं.

"डब्याखाली."

"शाबास. आहे, पण दिसत नाही. आणि गोटू, उलटं असतं का? दिसतं, पण नाही?"

गोटूने विचार केला. "भूत."

"बरोबर. जा, पाणी प्या." मुलं आत पळाल्यावर त्या निरंजनकडे वळल्या. "मीही एक भूत पाहिलं. तुझ्या तिसऱ्या रकान्यात."

निरंजनने फोन खिशात ठेवला.

"बाई, मी नाव लिहिलं नाही. प्रश्नचिन्ह टाकलं होतं."

"प्रश्न विचारायचा असेल तर माणसाच्या दारात जाऊन विचारतात. भिंतीवर लिहिलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, निकाल असतो." त्यांचा आवाज वर्गात असे तसाच होता, हळू आणि सरळ. "मला सांग, तुमच्याकडे जुनी रद्दी येते. तिचं काय करता?"

"पाण्यात घुसळतो. शाई वेगळी काढतो. लगदा करतो."

"त्या लगद्याचा कागद केला. चांगला पांढरा झाला. त्यावर जुन्या वर्तमानपत्रातली बातमी परत उमटते?"

"कशी उमटेल? शाईच गेली."

"आणि समजा, एखाद्या कोऱ्या रिळावर बातमी दिसली. मग?"

"मग कोणीतरी नवीन छापली म्हणायची." हे बोलून झाल्यावर निरंजन थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"धुळीने त्या बाईचा चेहरा धुऊन नेला होता, निरंजन. कॅमेऱ्यात पाच-सात ठिपके उरले होते. जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते ॲप परत कुठून आणेल? त्याने हजारो चेहरे पाहिलेत, त्यातून साधारण बाई कशी दिसते तशी एक काढून दिली. ती रंजितासारखी दिसली, कारण रंजिता साधारण बाईसारखी दिसते. चल."

"कुठे?"

"योगेशच्या दुकानात. तू एरवी पट्टी ताणून बघितल्याशिवाय रीळ सोडत नाहीस. ही पट्टी ताणायची राहिली आहे."

योगेश दुकानात पंख्याखाली बसला होता. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला.

"बाई, तुम्ही उन्हात? मला बोलावलं असतं."

"योगेश, मी त्या खांबापाशी जाऊन उभी राहते. तुझ्या कॅमेऱ्यात मी जितकी दिसेन तितकी घे आणि तुझ्या ॲपला दे. आधी चित्र लहान कर, धुळीत होतं तसं पुसट कर."

त्या खरोखरच खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेऊन. योगेशने पडद्यावरून चित्र घेतलं, पुसट केलं आणि बटण दाबलं. निरंजन त्याच्या खांद्यावरून पाहत होता.

चेहरा आला. चाळिशीतली एक हसरी बाई, चष्मा नाही, गाल भरलेले.

मालतीबाई परत आल्या आणि फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहत राहिल्या. "बरी आहे. इतके दात मला शाळेत असतानाही नव्हते. आता तोच पुसट फोटो पुन्हा दे."

योगेशने दिला. या वेळी आलेली बाई वेगळी होती. नाक बसकं, भुवया जाड, वय तिशीच्या आत.

"एकाच बाईच्या दोन बाया कशा झाल्या, भैया?" बाईंनी विचारलं.

योगेशने फोन गल्ल्यावर उलटा ठेवला. मग स्वतःला सोडवायला काहीतरी शोधावं तसं म्हणाला, "पण बाई, चेहरा खोटा असंल, कोणीतरी बाई तर होतीच ना तिथे? ती कोण मग?"

"ते मला माहीत नाही," मालतीबाई म्हणाल्या. "आणि माहीत नाही, एवढंच तुम्हा दोघांना त्या सकाळी लिहायचं होतं. माझ्या वेळी प्रत्येक बातमीखाली एक ओळ असायची, हे आपल्याला कसं कळलं याची. ती ओळ कुठे गेली, निरंजन?"

"जागा पुरत नव्हती, बाई."

"हं," त्या म्हणाल्या. तेवढ्याने निरंजनचे कान गरम झाले.

त्याने योगेशकडून मूळ फोटो, धुळीतला, ॲप लावण्याआधीचा, स्वतःच्या फोनवर घेतला. तो त्याने कधी मागितलाच नव्हता. घरी येऊन तो ओट्यावर बसला आणि फोटो पाहू लागला. तपकिरी धूळ, एक वाकलेली आकृती, हातात लोंबणारं काहीतरी. चेहऱ्याच्या जागी फिकट डाग. फळ्यावरचा कागद आज संध्याकाळीच काढायचा, असं त्याने ठरवलं. गाजावाजा न करता. उद्या दुसरा फोटो लावला की लोक विसरतील.

उन्हं कलल्यावर अश्विनी आणि कोमल बसने आल्या. अश्विनीने पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि पहिली अंगणात गेली.

"अहो, अजून पसरलेलेच आहेत की सांडगे. बरं झालं, चांगले कडकडीत झालेत. जरा ते सूप धरा."

तिने सांडगे सुपात लोटले. खालचं जुनं सुती लुगडं झटकून खांद्यावर टाकलं. लुगड्याखाली पांढरं जाड कापड होतं, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवलेलं. तिने विटा काढल्या आणि ते उलटलं.

बाजेवर सुकलालभाऊ हात जोडून हसत होते.

निरंजनच्या हातातलं सूप कललं. काही सांडगे जमिनीवर पडले.

"हे कुठून आणलं?"

"हे होय? त्या दिवशी वावटळ नव्हती का आली? मी साखर आणायला निघाले होते. योगेशच्या दुकानासमोर हे खांबावरून निसटून फडफडत होतं, एक दोरी तेवढी अडकलेली. कोणाच्या डोळ्याला लागेल म्हणून सोडवलं. आणि मग आठवलं, सांडगे उघडे आहेत. पळत येऊन झाकले, आणि पहाटे घाईत तेच खाली अंथरलं. सकाळी बस गाठायची होती, द्यायचं राहून गेलं. आता देऊन येते." तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. "अहो, असं काय बघताय?"

निरंजनने फोन काढला. धुळीतला फोटो मोठा केला. आता त्याला दिसलं. वारा आला की अश्विनी पदराचं टोक दातात धरायची, लग्न झाल्यापासून. वाकताना उजवा गुडघा दुमडायची नाही, कारण तो दुखायचा. दोन्ही त्या डागाडागांच्या आकृतीत होतं. पदराची ती फिकट रेघ ॲपने पुसून टाकली होती आणि तिथे मिटलेले ओठ काढले होते.

ज्या बाईशी एवढी वर्षं संसार केला तिला आपण ओळखलं नाही! हातात एक स्वच्छ चेहरा दिला गेला, आणि आपण तिच्याकडे पाहायचंच थांबवलं. रोज संध्याकाळी याच फ्लेक्सवरचे सांडगे आपण सुपात भरले, आणि रोज सकाळी त्या फळ्यासमोर उभे राहिलो.

त्याने अश्विनीला सगळं सांगितलं. सांगताना त्याला तिच्याकडे बघता येईना. रंजिताचं नाव आल्यावर अश्विनी बाजेच्या कडेवर बसली.

"खुलासा कधी द्यायचाय तिला?"

"उद्या. सोमवारी."

"आणि तुम्ही काय ठरवलं होतं?"

"संध्याकाळी फोटो काढून टाकणार होतो."

"गुपचूप?"

निरंजन खाली पडलेले सांडगे वेचू लागला.

"आपली कोमल पहिलं गाणं तिच्याकडे शिकली," अश्विनी म्हणाली. "एक फोन केला असता मला, तर तिथेच सांगितलं असतं."

"मला काय माहीत, तुला विचारायचं होतं म्हणून?"

"मला नाही. तिला. कोणाला तरी विचारायचं होतं." तिने फ्लेक्सची गुंडाळी केली, काखेत धरली आणि चपला घातल्या. "चला. आधी तिच्याकडे, मग सुकलालभाऊंकडे. आणि फळ्यावर माझं नाव लिहायचं. प्रश्नचिन्ह न टाकता."

रंजिता दारात तांदूळ निवडत बसली होती. अश्विनीने गुंडाळी तिच्यासमोर उघडली आणि झालं ते सांगितलं. निरंजन मागे उभा होता. त्याने हात जोडले.

"चुकलो, ताई. मी तुमच्यावर अन्याय केला."

रंजिताने ताट बाजूला ठेवलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. फ्लेक्सकडे पाहून म्हणाली, "पहिल्या दिवशी मला नुसता राग आला, भाऊ. मग मी तो फोटो बघत बसले. चेहरा माझाच. इतक्या वेळा बघितला की एका दुपारी मला वाटायला लागलं, मी गेले तर नव्हते तिथे? मीच विसरले की काय? मी माझ्यावरच शंका घेतली. ते कसं पुसाल?"

निरंजनने फ्लेक्स गुंडाळला आणि दोघं सुकलालभाऊंकडे निघाली.

सोमवारी सकाळी फळ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. तिसऱ्या रकान्यात धुळीतला मूळ फोटो होता. चारही रकान्यांत एकच हस्ताक्षर होतं, निरंजनचं, पण नेहमीपेक्षा जरा मोठं.

तंत्रज्ञान: 'धूसर फोटो स्पष्ट करणारं ॲप चेहरा शोधत नाही, नवीन काढतं. एकाच फोटोतून दोन वेगळ्या बाया निघाल्या. कसं कळलं: योगेशच्या दुकानात, मालतीबाईंसमोर करून पाहिलं.'

विज्ञान: 'काल आपल्याकडे शून्य सावली होती. कसं कळलं: अंगणवाडीत स्वतः पाहिली. मुलं फक्त चार होती. याला कारण मी.'

छायाचित्र: 'या फोटोत कोण आहे, हे फोटोवरून सांगता येत नाही. मी सांगितलं. ते खोटं होतं.'

राजकारण: 'फ्लेक्स वाऱ्याने सुटला. रस्त्यातून बाजूला करून माझी पत्नी अश्विनी हिने घरी नेला, काल संध्याकाळी सुकलालभाऊंना परत दिला. कसं कळलं: तिने सांगितलं. रंजिताताईंचा यात काहीही संबंध नव्हता. निरंजन.'

योगेश आला. वाचून झाल्यावर त्याने निरंजनच्या हातातला खडू घेतला आणि सगळ्यात खाली स्वतःचं नाव लिहिलं. सुकलालभाऊ मोटरसायकल थांबवून म्हणाले, "हे बघा, मी तर कोणावर आळ घेतलाच नव्हता." लोक फळाच वाचत राहिले. त्यांनी थोडा वेळ फळ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि गाडी सुरू करून अंगणवाडीच्या दिशेने गेले. तिथे ते काय बोलले ते कळलं नाही, म्हणून ते इथे लिहिलेलं नाही.

रंजिता खुलासा द्यायला गेली तेव्हा अश्विनी आणि मालतीबाई तिच्याबरोबर गेल्या. मॅडमनी फळ्याचा नवा फोटो पाहिला, अश्विनीचं म्हणणं ऐकलं आणि प्रकरण तिथेच मिटवलं. रंजिताचं काम राहिलं. मुलंही हळूहळू परत आली, सगळ्यांचे ताप उतरले. पण नळावर ती गेली की बायांचं बोलणं अजूनही क्षणभर थांबतं. लाजेने थांबतं की सवयीने, ते तिला कळत नाही.

वसाहतीच्या फळ्यावर आता प्रत्येक बातमीखाली ती जुनी ओळ पुन्हा असते. त्यामुळे जागा कमी पडते आणि बातम्या थोड्या लिहिल्या जातात. कधी एखादा रकाना रिकामा राहतो. निरंजन तो रिकामाच ठेवतो.

मित्रहो, रोज सकाळी आपल्या हातातही एक असाच फळा उजळतो. तंत्रज्ञान, विज्ञान, फोटो, राजकारण, सगळं एकत्र. त्यावर येणारा चेहरा जितका स्वच्छ, तितका तो खरा असं आपल्याला वाटतं. पण स्पष्ट दिसणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मी काही म्हटलं नाही, फक्त पुढे पाठवलं' असं म्हणणारी दहा माणसं एकत्र आली की एका माणसाचं नाव जातं, आणि ते कोणी घेतलं हे कधीच कळत नाही. पुढे पाठवण्याआधी एकदा थांबू या. हे मला कसं कळलं, एवढं स्वतःला विचारू या. उत्तर नसेल, तर रकाना रिकामा ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.